छातीत त्रास होतो

युद्धाची वर्षं होती. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही कर्जतला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. हे स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागच्या दाराला दोन पायऱ्या. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन जोडायचं काम कर्जतला चाले, त्यामुळे दिवसभर शिट्ट्या आणि डबे आदळल्याचे आवाज यायचे. पहिला महिना मी वैतागले होते. मग ते कानांना ऐकूच येईनासे झाले.

मागच्या पायरीवर दिवसाआड एक भाजीवाली येऊन बसायची. खालापूरच्या बाजूला, नदीपलीकडे दोन कोसांवर तिचं गाव. पावसाळ्यात काकड्या, शिराळी, कारली आणि थंडीत वालाच्या शेंगा पाटीत भरून ती चालत यायची. चाळीतली सहासात घरं झाली की शेवटी आमच्याकडे टेकायची, कारण मी तिला चहा देत असे. तिच्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवला होता. ती पस्तिशीची असेल, मी जेमतेम वीस. तरी मी तिला अगं-तूगं करायची आणि ती मला तुमी म्हणायची. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. तिचं नाव मला ठाऊक होतं, पण इथे लिहीत नाही. तिच्या घरची माणसं अजून त्या गावात आहेत.

तिचा नवरा मुंबईला गोदीत होता. एका खोलीत पंधरा-वीस जण राहत. मी सातवी शिकलेली, तेव्हा त्याला पाठवायची कार्डं ती माझ्याकडून लिहून घेई. मला ते आवडायचं. गाय व्याली, भिंत खचली, थोरल्या जावेची तब्येत सुधारली, असलं काही ती सांगे आणि मी सुवाच्य अक्षरात लिहून, तिला वाचून दाखवून, ह्यांच्याजवळ टाकायला देई.

श्रावणातला एक सकाळचा प्रहर मला अजून दिसतो. सासूबाई आत देवपूजेला बसल्या होत्या. भाजीवालीनं चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला, आणि आत एकदा नजर टाकून माझा हात धरला. पदर बाजूला करून तिनं चोळीची गाठ सोडली आणि माझी बोटं उजव्या बाजूला नेऊन दाबली. सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं. टणक, कडेला ओबडधोबड, आणि जागचं न हलणारं.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

"दुखत नाय, वैनी. दुखलं असतं तर कवाच बोलले असते."

शिमग्यापासून आहे म्हणाली. आधी हरभऱ्याएवढी होती. लावणीच्या दिवसांत तिकडे लक्ष द्यायला फुरसत मिळाली नाही. तिच्या मावशीला असंच झालं होतं आणि ती मावशी गेली होती. म्हणून तिला वाटत होतं की नवऱ्यानं येऊन आपल्याला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवावं. एवढ्यासाठी तिला कार्ड लिहून हवं होतं.

मी कार्ड घेऊन बसले. तिनं सांगितलं, "लिवा. उजव्या थानाला गाठ आली हाय. वाढतेय. तुमी या नि मला मुंबईला न्या."

मायना लिहून झाला आणि माझा हात थांबला. कार्ड उघडं असतं. ते पोस्टात जाणार. पोस्टमास्तर ह्यांच्या ओळखीचे, माझं अक्षर त्यांना माहीत. पुढे मुंबईत त्या खोलीत एकच जण वाचता येणारा होता, तो संध्याकाळी सगळ्यांच्या देखत पत्रं मोठ्यानं वाचायचा. हे तिनंच मला मागे कधीतरी सांगितलं होतं. तो शब्द वीस पुरुषांत वाचला जाणार आणि तो माझ्या हातचा असणार. लेखणी काही केल्या पुढे सरकेना.

मी लिहिलं, "छातीत त्रास होतो. जमल्यास येऊन जावे."

एवढंच करून मी थांबले असते तर पुढची इतकी वर्षं कदाचित वेगळी गेली असती. पण तिनं नेहमीसारखं म्हटलं, वाचून दाखवा. आणि मी कार्ड समोर धरून, त्यावरच्या ओळीवरून बोट फिरवत, तिनं सांगितलं होतं तेच वाचलं. उजव्या थानाला गाठ आली आहे. वाढते आहे. तुम्ही या आणि मला मुंबईला न्या. तिनं मान डोलावली. तिच्या तोंडावर असं समाधान दिसलं, जणू आता काळजी मिटली. पाटी डोक्यावर घेऊन ती गेली.

पंधरा दिवसांनी गणपती आले. त्या साली गोदीत सुट्टी मिळेना, लढाईचं सामान उतरत होतं. नवरा आला नाही. गावच्या एका माणसाबरोबर त्यानं खोकल्याच्या औषधाची बाटली आणि छातीला चोळायच्या मलमाची डबी पाठवली. पावसात भिजू नकोस असा निरोपही होता.

ती बाटली तिनं मला पायरीवर बसून दाखवली. बूचही काढलं नव्हतं.

"मी गाठ कळवली नि त्यानं खोकल्याचं औषिद धाडलं," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. बाटली तिनं पाटीत भाजीखाली ठेवली.

तेव्हाच मला बोलता आलं असतं. दुसरं कार्ड लिहिता आलं असतं, पाकीट करून लिहिता आलं असतं. मी म्हटलं, आपण पुन्हा लिहू या का? ती म्हणाली, "आता काय लिवायचं? ज्याला यायचंच नाय त्याला." आणि मी सुटले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

त्यानंतर ती येत राहिली आणि मी तिला गाठीबद्दल विचारायचं टाळत राहिले.

दिवाळीत नरकचतुर्दशीला मी सासूबाईंना तेल लावत होते. खांद्यावरून हात खाली आला आणि डाव्या काखेच्या पुढे बोटांना काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण माझ्या हाताला ते ओळखीचं होतं. टणक, ओबडधोबड, न हलणारं. मी पुन्हा दाबून पाहिलं तेव्हा सासूबाई चिडल्या, काय चाललंय म्हणाल्या. त्यांनाही ती गाठ ठाऊक नव्हती.

त्या दिवशी फराळ झाल्यावर मी ह्यांना सांगितलं. आमच्या चाळीच्या टोकाला रेल्वेचा लहानसा दवाखाना होता, मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर कल्याणहून गाडीनं येत. शुक्रवारी हे सासूबाईंना घेऊन गेले. डॉक्टरांनी पाहिलं आणि मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली. रेल्वेच्या नोकराच्या आईला फुकट प्रवासाचा पास मिळे. पुढच्या आठवड्यात आम्ही मुंबईला होतो. मोठ्या इस्पितळात त्यांचं ऑपरेशन झालं, मग विजेचे, म्हणजे क्ष-किरणांचे, शेक झाले. माझी नणंद दादरला राहत होती, तिच्याकडे आम्ही दीड महिना होतो. तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, किती दिवसांची गाठ? हे म्हणाले, कळली तेव्हापासून दोन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, फार वेळेवर आणलंत.

मी शेजारीच उभी होते. भाजीवालीचे शिमग्यापासून दिवाळीपर्यंतचे महिने मी मनात मोजले.

घरी परतण्यापूर्वी सासूबाईंनी मला जवळ बसवून शपथ घातली. काय झालं, काय कापलं, हे चाळीत कुणाला कळता कामा नये. नणंदेकडे राहायला गेलो होतो, एवढंच सांगायचं. विधवा बाई, लोक काय काय बोलतील, त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पायाला हात लावून कबूल केलं.

आम्ही आलो तेव्हा वालाच्या शेंगांचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी भाजीवाली आली. तिचं तोंड ओढलेलं होतं आणि उजवा हात खांद्यापासून सुजून जड झाला होता. पाटी आता ती डाव्या हातानं धरायची. तिनं विचारलं, सासूबाय कुठं गेल्या व्हत्या? मी म्हटलं, लेकीकडे. आत दाराला लागून सासूबाई गादीवर निजल्या होत्या आणि आमचं प्रत्येक अक्षर त्यांना ऐकू जात होतं.

मी तिला म्हटलं, सरकारी दवाखान्यात दाखव. ती म्हणाली, जाऊन आले.

"मग काय म्हणाले?"

"भायेर बापयेच बसले व्हते सगले. आमच्या गावचा बी एक व्हता. त्यांच्यादेखत कसं सांगू? हात दुखतो म्हून बोलले नि गोळ्या घेऊन आले."

मला तिला म्हणायचं होतं की आज शुक्रवार आहे. दोनशे पावलांवर डॉक्टर बसलेत, चल माझ्याबरोबर, मी आत येते, मी सांगते. शब्द तोंडात आले होते. पण मग ती विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक त्या डॉक्टराला हे कळतं म्हणून. आणि शिवाय मी आपली धरून चालले होते की तो दवाखाना रेल्वेच्या माणसांचा, बाहेरच्या बाईला तिथे कोण घेणार. दारावर तशी पाटी नव्हती. मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

दोन कोस चालत ती येत होती, दवाखान्याच्या भिंतीला लागून जाणाऱ्या वाटेनं जात होती. महिन्यातून चारदा तरी, डॉक्टर आत बसलेले असताना, ती त्या खिडकीखालून गेली असेल. अंतर कोसांत नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा ते मला दिसलं नाही, किंवा दिसू नये अशीच मी उभी होते.

माघात ती यायची थांबली. पहिला आठवडा मी म्हटलं, शेंगा संपल्या असतील. दुसऱ्या आठवड्यात मी दुसऱ्या बाईकडून भाजी घेतली. तिसऱ्या आठवड्यात बाजारात मला तिची थोरली जाऊ भेटली. तिनं सांगितलं की गाठ फुटली, गावातल्या एका जाणत्यानं बिब्बा घातला, त्यानं जखम चिघळली, आता ती उठत नाही.

त्या दिवशी मी ह्यांना सगळं सांगितलं. कार्डाचं सोडून सगळं. ह्यांनी ताट बाजूला सारलं.

"तिला गाठ आहे हे तुला श्रावणात कळलं होतं?" ह्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग मला का नाही सांगितलंस? डॉक्टर नाही म्हणणारा माणूस नाही."

आणि खरंच नव्हता. शुक्रवारी हे त्यांच्याशी बोलले तेव्हा ते लगेच म्हणाले, घेऊन या, चालत येत नसेल तर गाडीतून आणा. आधी का नाही आणली, असंही त्यांनी विचारलं. त्यावर आपण काय बोललो ते मला ह्यांनी सांगितलं नाही.

मी तिच्या जावेबरोबर त्या गावाला गेले. इतक्या दिवसांत मी ती वाट कधी चालले नव्हते. नदीला पाणी घोट्याएवढं होतं, दगडांवरून पलीकडे गेलो. पुढे भात कापलेली कोरडी शेतं आणि ऊन. अर्ध्या वाटेत माझी चप्पल तुटली. ही बाई डोक्यावर पाटी घेऊन दिवसाआड हे चालत होती आणि मी तिला कान तुटलेल्या कपातून चहा देऊन स्वतःला चांगली समजत होते.

ती पडवीत निजली होती. वास दारापर्यंत येत होता. मला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि जावेला म्हणाली, "वैनींना बसाया दे गं." मी तिच्याजवळ बसले. मी डॉक्टरांचं सांगितलं. ती लगेच तयार झाली. एकदाही कुरकुरली नाही.

बैलगाडीतून तिला कर्जतला आणलं. डॉक्टरांनी पाहिलं, जखम धुऊन दिली, मुंबईच्या त्याच इस्पितळाला चिठ्ठी दिली. नवऱ्याला ह्यांनी तार केली होती, तो दुसऱ्या दिवशी आला. उंच, वाळलेला, खाली मान घालून बोलणारा माणूस. त्या दोन रात्री तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवली होती. सकाळी मुंबईच्या गाडीसाठी आम्ही तिला फलाटावरच्या बाकावर बसवलं. मी सोडायला गेले होते.

गाडीला उशीर होता. नवरा तिच्यापुढे उकिडवा बसला आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "मला गाठीचं कळवलंच नाय हिनं. कळवलं असतं तर मी खाडं करून आलो असतो."

ती बाकावरून म्हणाली, "कळवलं व्हतं. या वैनींनीच लिवलं."

दोघं माझ्याकडे पाहू लागली. मग मी सांगितलं. मी कार्डावर काय लिहिलं होतं ते. मला लाज वाटली म्हणून लिहिलं नाही, असं सांगितलं.

"मंग मला वाचून दाखवलं ते?" तिनं विचारलं.

"ते मी नुसतं तोंडानं म्हटलं. कार्डावर नव्हतं."

ती मला शिव्या देईल असं वाटलं. मला त्या हव्याही होत्या. पण ती माझ्याशी पुढे एक शब्द बोलली नाही. तिनं नवऱ्याकडे तोंड वळवलं.

"सा म्हयनं मी तुमच्यावर रुसून व्हते," ती त्याला म्हणाली.

त्यानं तिचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जपून, आणि तसाच बसून राहिला. गाडी आली तेव्हा हमालानं आणि त्यानं मिळून तिला वर चढवलं. मी खिडकीशी गेले नाही. माझं तिथे काही काम नव्हतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिला आठ दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. आता घरीच बरं, म्हणाले. नवरा पुन्हा गोदीत गेला नाही. वैशाखात, आंबे उतरवायच्या दिवसांत, ती गेली. मला बाजारात तिच्या जावेकडून कळलं.

घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगितलं. कशानं गेली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला झालं होतं त्यानंच. आणि तुमची गाठ मला कळली ती तिनं तिची दाखवली होती म्हणून. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मग तिला माझं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शपथ घातली होती."

"माझं नाव घेतलं असतंस तर मी काय मेले असते?" त्या म्हणाल्या आणि सूप तसंच टाकून आत गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला होता. त्यांनीच तोंड बांधलं आणि आता त्याच विचारत होत्या. पण मी हेही जाणून होते की श्रावणात, शपथेच्या कितीतरी आधी, माझं तोंड मीच बांधून घेतलं होतं. त्यांच्यावर ढकलून मी मोकळी व्हावं इतका दोष त्यांचा नव्हता.

सासूबाई त्यानंतर बावीस वर्षं जगल्या. नातवंडांची लग्नं ठरताना त्या घरात होत्या. प्रत्येक वेळी त्यांना हसताना पाहून मला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदात काहीतरी खुपायचं. डॉक्टरांनी ह्यांना विचारलेलं ते, किती दिवसांची गाठ, माझ्या कानात राहिलं आहे. आमच्या घरात ती दोन आठवड्यांची होती, कारण आमचं घर दवाखान्यापासून हाकेवर होतं, कारण ह्यांच्या नोकरीला पास होता, आणि कारण आमच्या घरच्या बाईसाठी मला शब्द सापडला. ह्यांच्याजवळ मी तो शब्द न अडखळता बोलले होते.

लढाई संपल्यावर ह्यांची बदली भुसावळला झाली. सामान बांधायला घेण्याआधी मी एकदा त्या गावाला गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. बहुधा कुणीतरी मला काही बोलावं म्हणून. नवरा शेतावर होता, तो भेटला नाही. जाऊ होती. तिनं मला चटई टाकली, गूळपाणी दिलं आणि शेजारच्या दोन बायकांना बोलावून आणलं.

"याच त्या वैनी," ती त्यांना म्हणाली. "आमच्या बायसाठी कर्जतवरून चालत आल्या. दुसरं कोन आलं व्हतं?"

म्हणजे त्यानं घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. त्या बायका माझ्याकडे मायेनं पाहत होत्या. एकीनं माझ्या पायाला हात लावला. मी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं म्हणूनच कदाचित आले होते. पण मी गूळपाणी प्यायले आणि मुलं किती, पाऊस कसा झाला, असलं विचारत बसले. निघताना जावेनं माझ्या पदरात शेरभर वाल बांधले. मी ते घेऊन घरी आले.